सायकल ओपीडी : वॅट्स नेमके कुठे गळतायत?

पाऊस उघडला, पडवीत टांगलेल्या सायकली खाली उतरल्या आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच जातीचे प्रश्न यायला लागले. पॉवर मीटर (पायाचा जोर वॅट्समध्ये मोजणारी डबी) येडा झालाय, हँडलवरचा कॉम्प्युटर काहीही दाखवतोय, नवीन घेऊ का. नवीन घेऊ नका, निदान हे पान वाचून होईपर्यंत तरी, कारण पॉवर मीटरच्या पैशात आपल्याकडे एक बरी सायकल येते आणि आलेल्या तक्रारींतल्या बहुतेक घरच्या घरी सुटणाऱ्या आहेत. जे जास्त जणांना लागू पडतील तेच प्रश्न घेतलेत, लांबलचक होते ते थोडे कापलेत.

दादा, मी चिपळूणचा. डाव्या क्रँकवरचा पॉवर मीटर आहे. रविवारी पहाटे निघून कुंभार्ली घाट करतो. घरून निघताना वॅट्स बरोबर वाटतात पण आठ-साडेआठला घाट लागला की पाय तेवढेच भरतात, हार्ट रेट तेवढाच, आणि आकडा मात्र २०-२५ वॅट्स कमी. कॅलिब्रेशन मीटर घेतला तेव्हा केलं होतं. सेन्सर गेला का?

तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि हसू आलं, राग मानू नका. घेतला तेव्हा केलं होतं म्हणजे त्यानंतर नाहीच केलं ना?

आता हा मीटर करतो काय ते बघा. क्रँकला, म्हणजे पेडल ज्याला लागतं त्या दांड्याला, चिकटलेल्या त्या छोट्या डबीखाली केसाएवढ्या बारीक रेषांची नक्षी असलेली एक पातळ पट्टी धातूला चिकटवलेली असते, तिला स्ट्रेन गेज म्हणतात. पेडलवर जोर दिला की क्रँक वाकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका, पट्टी ताणली जाते, तिचा विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढतो. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे पॉवर. त्याला एवढंच येतं. पण धातू उन्हानेही प्रसरण पावतो आणि हे पायाने ताणलं की उन्हाने ते त्या पट्टीला कळत नाही. कंपन्या आतमध्ये तापमानाचा हिशोब घालून देतात, तरी काळा क्रँक पहाटेच्या गारव्यातून निघून तीन तासांनी उन्हात तापला की शून्य थोडा सरकतोच.

थोडा म्हणजे किती? शून्यात १ न्यूटन मीटरचा फरक पडला तर ९० केडन्सला, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला ९० फेऱ्यांना, साधारण साडेनऊ वॅट्स इकडचे तिकडे होतात. तुमचा मीटर फक्त डाव्या पायाचं मोजून दुप्पट करून दाखवतो, म्हणजे चूक पण दुप्पट, १९ वॅट्स. घाटात केडन्स ७० वर येतो असं धरलं तर १५ च्या आसपास. तुमचे हरवलेले २०-२५ वॅट्स यायला फार मोठी भानगड लागत नाही. मासळी बाजारात काटा शून्यावर आहे का हे बघितल्याशिवाय सुरमई घेणारा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही, आणि तीच माणसं वर्षभर शून्य न बघता मीटर वापरतात.

तर करायचं काय. सायकल घरातून काढून अंगणात दहा-पंधरा मिनिटं नुसती उभी करा, बाहेरच्या हवेला येऊ दे, तोवर तुमचा चहा होतो. मग सायकल सरळ धरा, भिंतीला तिरकी टेकवून नाही. मीटरवाला क्रँक खाली, घड्याळात सहा वाजता काटा असतो तसा, पेडलवर पाय नाही, आणि कॉम्प्युटरच्या सेन्सर मेनूत जाऊन कॅलिब्रेट दाबा, यालाच शून्य घेणं म्हणतात. जो आकडा येतो तो कुठेतरी लिहून ठेवा. मित्राच्या मीटरच्या आकड्याशी जुळवत बसू नका, प्रत्येक कंपनीचं एकक वेगळं असतं, आपला आजचा आकडा आपल्या कालच्या आकड्याशी ताडायचा. मग पोफळीला चहाला थांबाल तेव्हा घाट चढायच्या आधी पुन्हा एकदा, सायकल सावलीत ठेवून. एवढ्यानेच बहुतेक जणांचे वॅट्स परत येतात. काही मीटर उलटं पेडल मारलं की आपोआप शून्य घेतात, पण आपल्याकडे घाटात आठ-आठ मिनिटं कोणी उलटं पेडल मारत नाही, सलग जोर चालू असतो, त्यामुळे त्या आपोआपच्या भरवशावर पूर्ण राहू नका.

हवा तीच, जागा तीच आणि तरी शून्याचा आकडा रोज मोठ्या उड्या मारतोय असं दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. आत दमट हवा शिरली असेल किंवा पट्टीचं चिकटवणं सुटत असेल. हे घरी होणारं काम नाही, वॉरंटी बघा.

शून्य नीट घेऊनही शंका राहिली तर वजन टांगून बघायचं. शून्य बरोबर असला तरी पुढचं माप चुकीचं असू शकतं, आणि ते कितीही कॅलिब्रेट दाबलं तरी सुधरत नाही. पाण्याचा २० लिटरचा जार भरा, दोरीसकट वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेऊन बरोबर २० किलो करून घ्या. क्रँक पुढच्या बाजूला जमिनीला समांतर आणा, मागचा ब्रेक कोणालातरी घट्ट दाबून धरायला सांगा आणि दोरी डाव्या पेडलच्या मध्यात अडकवून जार लोंबकळू द्या, टोकाला अडकवू नका, क्रँक पिळवटतो आणि माप चुकतं. क्रँक १७० मिलिमीटरचा असेल तर टॉर्क ३३.३ न्यूटन मीटरच्या जवळ यायला हवा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये टॉर्क दिसत असेल तरच हा उद्योग करा, सगळ्यांच्यात दिसत नाही.

ज्यांना जार उचलायचा कंटाळा आहे त्यांनी घाटालाच विचारावं. तुम्ही ६८ किलो, सायकल, बाटल्या, टूलकिट मिळून १२, एकूण ८० किलो धरू. ६ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जाताय. नुसतं वजन वर न्यायला १३० वॅट्स लागतात, टायर आणि हवेचे १५-२० वर, चेनमध्ये थोडे जातात, म्हणजे क्रँकला १५०-१५५ च्या आसपास दिसायला पाहिजे. वारा नसलेल्या सकाळी, एकसारख्या चढाच्या तुकड्यावर, दहा मिनिटांची सरासरी घ्या. १२५ दिसले तर मीटर कमी दाखवतोय. १४५ दिसले तर गप्प चढा.

आणि हो, डाव्या मीटरबद्दल एक. तुमचा डावा पाय ४५ टक्के आणि उजवा ५५ टक्के काम करत असेल तर खरे २०० वॅट्स तुम्हाला १८० दिसणार. कित्येकांचा पाय दमला की हे प्रमाण बदलतं, म्हणजे घाटात शेवटी आकडा पडतोय तो मीटरमुळे की डाव्या गुडघ्यामुळे हे एका बाजूच्या मीटरवरून कळायला मार्ग नाही. म्हणून आधी शून्य, मग बाकीचं.

काका, मी मालवणात राहतो, इंजिनिअरिंगला आहे. सेकंडहँड क्रँक पॉवर मीटर घेतला. दर दहा-पंधरा मिनिटांनी कॉम्प्युटरवर सेन्सर डिस्कनेक्टेड येतं, मग आपोआप परत येतं. नवीन सेल टाकला, काही फरक नाही. विकणारा म्हणतो कॉम्प्युटर खराब.

विकणारा असंच म्हणणार रे बाबा.

तू मालवणात आहेस, सेकंडहँड घेतलायस, त्यामुळे मी पहिलं झाकणच उघडायला सांगेन. नाण्याने किंवा नखाने झाकण फिरवून काढ आणि दिवसाच्या उजेडात आत बघ. सेलच्या खाली दोन पितळी रंगाच्या पत्र्या असतात, एक मधली, एक कडेची. त्यांच्यावर हिरवट किंवा पांढरी पावडर दिसतेय का? झाकणाच्या आतल्या बाजूला सेलची गोल काळपट छाप उमटलीय का? खाऱ्या हवेत हे सर्रास होतं. मीठ नुसतं बसत नाही, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे सायकलवर पाऊस पडला नाही तरी आत ओल राहते. मोबाइल रिपेअरवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कानात घालायच्या कापसाच्या काडीला थोडंसं लावून पत्र्या पूस, डाग हट्टी असेल तर शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घास आणि रबराचा चुरा फुंकून काढ. मधली पत्री दबून बसली असेल तर टाचणीच्या टोकाने किंचित वर उचल. किंचित म्हणजे किंचित, तुटली तर माझ्याकडे येऊ नकोस.

झाकणाभोवती काळी रबरी रिंग असते तीही काढून बघ. चिरलेली, चपटी झालेली असेल तर बदल. बरी असेल तर सिलिकॉन ग्रीसचा एक पुसट हात दे. बेअरिंगचं पिवळं ग्रीस नको, पेट्रोलियमच्या तेलाने काही रबरं फुगतात. आणि खोबरेल तर अजिबात नको, हात जोडून सांगतो, आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला खोबरेल लावायची सवय आहे.

आता सेल. सीआर२०३२ नवा असला म्हणजे चांगलाच असं नाही. टपरीवर लटकलेल्या पट्टीतला सेल किती वर्षं उन्हात तिथेच होता कोणाला माहीत. मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दाखवतो, पण रेडिओ सिग्नल पाठवायच्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि मीटर झोपतो, मग सेल सावरला की परत उठतो. तुझं दहा-पंधरा मिनिटांचं दुखणं अगदी याच वळणाचं आहे. चांगल्या दुकानातला, तारीख बघून घे. काही कंपन्यांचे सेल लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून वरून कडू लेप लावलेले असतात, तो लेप काही उपकरणांत नीट टेकू देत नाही, तसला असेल तर तोही अल्कोहोलने पूस. जुना सेल मात्र घरात कुठेही टाकू नकोस, लहान पोराने गिळला तर अन्ननलिका जळते, थट्टा नाही.

सेल बदलल्यावर चार वेळा क्रँक फिरव, मीटर जागा झाला की शून्य घे.

हे सगळं करून पण तुटतंय तर मोबाइल बघ. ब्लूटूथवर बरेच मीटर एका वेळी एक-दोनच ठिकाणी जोडले जातात, तुझ्या खिशातल्या मोबाइलवरच्या अ‍ॅपने आधी पकडला तर कॉम्प्युटर बाहेर ताटकळत उभा. कॉम्प्युटरला अँट प्लस (सेन्सर जोडायची दुसरी बिनतारी पद्धत) असेल तर मीटर त्यावर जोड, तिथे कितीही जण ऐकू शकतात. आणि रेकॉर्डिंग मोबाइलवर करून मोबाइल पाठीच्या खिशात ठेवत असशील तर तेही बंद कर. अँट प्लस काय, ब्लूटूथ काय, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ही लहर पाण्यात शोषली जाते. माणूस म्हणजे बहुतांश पाणीच, सिग्नलने तुझ्या मांडीतून आणि पोटातून आरपार जायचं म्हणजे त्याचीही परीक्षा आहे.

नमस्कार. गुहागरला शिक्षिका आहे. हेदवीच्या बाजूला जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर गेले की केडन्स एकदम २०० आणि पॉवर १८०० वॅट्स दाखवते. मुलगा म्हणतो आई ऑलिम्पिकला जा.

ताई, मुलाला सांगा फॉर्म भरायला. बहुतेक क्रँक मीटरमध्ये आता चुंबक नसतं, आतला अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा बघून क्रँक वर आहे की खाली हे ओळखतो. खडबडीत रस्त्यावर त्याला इतके हादरे बसतात की एका फेरीच्या दोन-तीन फेऱ्या मोजल्या जातात. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले केडन्स, त्यामुळे केडन्स फुगला की पॉवरही फुगते. वेगळा केडन्स सेन्सर लावून सुटेल असं दुकानदार सांगेल, पण बहुतेक मीटरमध्ये हा गुणाकार आतच होऊन मग आकडा बाहेर येतो, तेव्हा ते पैसे वाचवा. डबी क्रँकवर हलत नाही ना बघा, पेडल घट्ट आहे ना बघा, कंपनीच्या अ‍ॅपमधून फर्मवेअर अपडेट करा कारण हे हादरे गाळायची युक्ती बऱ्याचदा त्यातच सुधारलेली असते, आणि तुमच्या मॉडेलला चुंबकाची सोय असेल तर फ्रेमला चुंबक चिकटवा. जुन्या राइडमधला तो १८०० चा काटा तेवढा एडिट करून टाका, नाहीतर सॉफ्टवेअर तुमचा बेस्ट पाच सेकंदांचा रेकॉर्ड तोच धरून बसेल आणि पुढचा ट्रेनिंग प्लॅन बघून रडू येईल.

हर्णैहून विचारतोय. सकाळी दहाला बंदरावरून निघालो तेव्हा उंची ३ मीटर, केळशीकडे जाऊन दुपारी चारला त्याच धक्क्यावर परत आलो तर ३० मीटर. समुद्र खाली गेला की मी वर? आणि याच्यामुळे वॅट्सही चुकत असतील का?

वॅट्सचा याच्याशी संबंध नाही, क्रँकवरच्या मीटरला उंची माहीतच नसते. पण तुमचा प्रश्न मला आवडला, कारण तुमच्या कॉम्प्युटरने खरं तर हवामान बरोबर मोजलंय. त्याच्या आत बॅरोमीटर असतो, हवेचा दाब कमी झाला की तो समजतो आपण वर चढलो. समुद्रसपाटीजवळ १ मिलिबारला साधारण ८ मीटर. आता आपल्या उष्ण पट्ट्यात हवेचा दाब रोज ठरलेल्या वेळी खाली-वर होतो, सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळ्यात कमी, फरक ३-४ मिलिबारचा. म्हणजे २५-३० मीटर. तुम्ही नेमके दहाला निघालात आणि चारला आलात! पावसाळी हवा येत असेल तर याच्यावर आणखी भर पडते.

बंदरावर राहण्याचा फायदा घ्या, निघताना आणि मध्ये कुठे किनाऱ्यावर थांबाल तेव्हा उंची हाताने सेट करा, आपल्यासारखी शून्याची खूण देशावरच्या लोकांच्या नशिबी नाही. उंची एकाच जागी अडकून राहत असेल किंवा पावसात टप्प्याटप्प्याने उड्या मारत असेल तर मात्र कॉम्प्युटरच्या खालच्या बाजूचं बारीक भोक बंद झालंय, घाम, चिखल, मीठ काहीतरी. गोड्या पाण्याने धुवा, झटका, सुकू द्या. सुई घालू नका, आतला पडदा फाटतो. सर्व्हिसिंग सेंटरला गाड्या धुतात त्या जेटने सायकल धुणारे आहेत त्यांच्यासाठीही हेच, वॉटरप्रूफचा जो आयपीएक्स७ शिक्का असतो तो एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवण्यापुरता असतो, जेटच्या फवाऱ्यासाठी नाही.

चिपळूणकरांना वर घाटाचा हिशोब सांगितलाय त्यातला चढ या कॉम्प्युटरवरून घेऊ नका ते याच कारणाने. नकाशावरून घ्या.

नवीन कॉम्प्युटर घेतला आणि सावंतवाडी-आंबोलीच्या नेहमीच्या रस्त्यावर वॅट्स वाढले. पॉवर पेडल आहेत, तीच जुनी. खुश होऊ का?

क्रँक किती लांबीचा आहे? पेडलमधल्या मीटरला ते बाहेरून सांगावं लागतं आणि नवा कॉम्प्युटर जोडताना बऱ्याचदा तिथे आधीपासून भरलेला १७२.५ तसाच राहतो. तुमचा १६५ असेल तर साडेचार टक्के फुकट वाढले, २०० चे २०९. सेटिंगमध्ये जा, क्रँकच्या आतल्या बाजूला छापलेला आकडा वाचून तोच टाका. अंडाकृती चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) बसवली असेल तरी काही मीटर थोडं जास्त दाखवतात. आणि पेडल काढून परत लावली असतील तर ती नीट कसा, दोन-चार जोरदार स्प्रिंट मारा म्हणजे धातू बसतो, मग शून्य घ्या.

दाभोळची फेरीबोट पकडून पलीकडे धोपाव्याला उतरतो. बोटीतलं अंतर पण राइडमध्ये धरलं जातं आणि सरासरी पॉवर पडते. ऑटो पॉज चालू आहे.

बोट चालतेय, जीपीएसला वाटतं तुम्ही चालवताय, सायकल थांबली की रेकॉर्डिंग थांबवणारा ऑटो पॉज कशाला लागेल? मागच्या चाकाच्या हबला स्पीड सेन्सर बांधा, मग कॉम्प्युटर चाक फिरतंय का ते बघतो, बोटीत चाक उभं, पॉज लागतो. चाकाचा घेर बरोबर टाका, ७०० बाय २८ ला २१३६ मिलिमीटर. सेन्सर नको असेल तर तिकीट काढताना स्टॉप बटण दाबायचं, बोटीतून उतरताना परत चालू करायचं. सरासरीत शून्य धरायचे की नाही अशी एक सेटिंग असते, पॉवरला शून्य धरायचेच, केडन्सला नाही धरले तरी चालतं. पॉवरचे शून्य वगळून सरासरी फुगवणारे एक-दोन जण माझ्या ओळखीचे आहेत, नावं घेत नाही.

अलिबागला फ्लॅटमध्ये स्मार्ट ट्रेनर आहे. ट्रेनर १९४ दाखवतो, क्रँकचा मीटर २००. खरं कोण?

दोघेही. क्रँकचा मीटर पायाजवळ मोजतो, ट्रेनर (घरात सायकल जोडून जागेवरच चालवायचं यंत्र) चेनच्या पलीकडे, मधे २ ते ४ टक्के चेनमध्ये जातातच. शिवाय दोघांचीही कंपनीने सांगितलेली अचूकता एक-दोन टक्क्यांची असते. फरक १५-२० वॅट्सचा झाला तर आधी ट्रेनरवर दहा मिनिटं वॉर्म-अप करून त्याचं स्पिन-डाउन (ट्रेनरचं कॅलिब्रेशन) घ्या, मग क्रँकचा शून्य घ्या, मग चेन धुवा. किनाऱ्यावरच्या फ्लॅटमध्ये चेनला वाळू-मीठ लागलेलं असतंच. ट्रेनिंगचे आकडे मात्र दोघांपैकी एकाचेच धरा, घरात ट्रेनरचे आणि बाहेर क्रँकचे असं करू नका. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ट्रेनरलाच क्रँकच्या मीटरचं ऐकायला लावता येतं, ती सेटिंग पॉवर मॅच नावाने शोधा.